मॅडम, तुम्हीच लिहून द्या ना!

पत्राचा सारांश: तालुक्याच्या गावातल्या एका अनुदानित शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या शिक्षिकेचं हे पत्र आहे. नोकरीला नऊ वर्षं झाली. यंदा एका प्रशिक्षणाहून परतल्यावर त्यांनी ठरवलं, की आठवी ‘ब’ला ‘धाराविद्युत आणि चुंबकत्व’ हा धडा फळ्यावर शिकवायचाच नाही, सगळा कृतीतून शिकवायचा. वर्गात ६२ मुलं. सेल, टॉर्चचे बल्ब, वायर, एलईडी हे सगळं त्यांनी स्वतःच्या पैशाने आणलं. मुलं खूश होती, पण साहित्य वाटेपर्यंत दहा मिनिटं जायची आणि गोळा करता करता बेल व्हायची. एक दिवस एलईडी लागलाच नाही आणि सगळा वर्ग हसला. शेजारच्या वर्गातून गोंगाटाची तक्रार आली. घटक चाचणीत ‘ब’ची सरासरी २० पैकी ११ आली, नोट्स लिहून घेतलेल्या ‘अ’ची १३. मोटार रिवाइंडिंगचं दुकान असलेल्या घरातला एक मुलगा सगळ्या गटांच्या जोडण्या करून द्यायचा, त्याला ४ गुण पडले. नेहमी पहिली येणारी मुलगी उभी राहून म्हणाली, “मॅडम, तुम्हीच लिहून द्या ना. यातलं परीक्षेला काय येणार तेच कळत नाही.” शाळेत टिंकरिंग लॅबही (मुलांनी स्वतः वस्तू बनवून पाहायची प्रयोगशाळा) आहे, पण थ्रीडी प्रिंटर आणि किट कपाटात आहेत आणि कपाटाला कुलूप आहे. मोडतोड झाली तर डेड स्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या वस्तूंच्या नोंदवहीत, काय दाखवायचं, ही भीती. मुख्याध्यापकांचं म्हणणं, “प्रयोग हौसेपुरते ठीक, आधी पोर्शन संपवा.” शिक्षिका विचारतात: मी मुलांचं नुकसान केलं का? पुन्हा फळ्याकडे वळू का?

प्रिय बाई,

आमच्या शाळेत आम्ही एकमेकींना बाईच म्हणायचो, म्हणून तुम्हालाही तसंच लिहिते. तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या ११ आणि १३ या आकड्यांपाशी थांबले. तुमचं सगळं दुःख त्या दोन गुणांच्या फरकात अडकलं आहे. तुम्ही चाचणीचा कागदही सोबत पाठवलात हे फार बरं केलंत. त्यात काय आहे पाहा. विद्युतधारेची व्याख्या लिहा. रिकाम्या जागा भरा. फरक स्पष्ट करा. शुष्क विद्युतघटाची (म्हणजे साध्या सेलची) आकृती काढून नावं द्या. या चारही प्रश्नांची उत्तरं ‘अ’च्या वहीत जशीच्या तशी लिहिलेली होती. मुलांनी ती पाठ केली आणि उतरवली. तुमच्या ‘ब’ने तीन आठवडे ज्या गोष्टी केल्या, त्यांतल्या एकीबद्दलही कागदावर प्रश्न नाही. बल्ब कधी लागतो आणि कधी लागत नाही हे तिथे कुणी विचारलेलंच नाही. पोहायला शिकवायचं आणि परीक्षा पाण्याच्या गुणधर्मांवर घ्यायची, तसं झालं हे.

पण सगळा दोष प्रश्नपत्रिकेवर टाकून तुम्हाला मोकळं करणं मला प्रामाणिकपणाचं वाटत नाही. त्या दोन गुणांतला काही भाग खरा आहे. तो कुठून आला, हे तुम्हीच पत्रात एका ओळीत लिहून गेला आहात: “गोळा करता करता बेल व्हायची.”

त्याआधी त्या मुलीच्या वाक्याविषयी. ते तुम्हाला लागलं, कारण ती हुशार आहे आणि तिच्या तोंडून ‘मला कळत नाही’ आलं. पण तिला कळत नव्हतं, की कळतंय असं वाटत नव्हतं? या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०१९ साली हार्वर्ड विद्यापीठातल्या भौतिकशास्त्राच्या वर्गावर झालेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अर्ध्या विद्यार्थ्यांना एका कसलेल्या व्याख्यात्याने शिकवलं, अर्ध्यांनी तेच प्रश्न गटात बसून स्वतः सोडवले. पुढच्या विषयाला अदलाबदल केली. ज्यांनी स्वतः झटापट केली त्यांना चाचणीत जास्त गुण मिळाले. पण “तुम्ही किती शिकलात?” असं विचारल्यावर व्याख्यान ऐकणाऱ्यांना वाटलं, आपण जास्त शिकलो. कारण ओघवतं ऐकताना काही अडत नाही. स्वतः करताना पावलोपावली अडतं, चुकतं, आणि त्या अडण्यालाच मूल ‘मला येत नाही’ असं समजतं. ती कॉलेजची मुलं होती, तुमची तेरा वर्षांची आहेत. अभ्यास जसाच्या तसा लागू करू नये. पण तुमच्या त्या मुलीच्या चेहऱ्यावरची अस्वस्थता मी माझ्या वर्गात अनेकदा पाहिली आहे. आठ वर्षं ती नीटनेटक्या वहीवर पहिली येत गेली. तुम्ही तिच्या पायाखालची जमीनच काढलीत आणि हे का करतो आहोत ते तिला सांगितलं नाहीत. ते सांगायला हवं होतं, अगदी साध्या शब्दांत: “अडलं तर घाबरू नका. अडतं तिथेच आपण शिकत असतो. आणि शेवटची पाच मिनिटं आपण सगळं वहीत लिहिणार आहोत.” नोट्स मिळणार आहेत, एवढी खात्री तिला पुरली असती.

आता ती बेल. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी विद्युतचुंबक असाच ‘कृतीतून’ शिकवला होता. खिळा, त्यावर गुंडाळलेली तांब्याची तार, एक सेल. मुलांनी टाचण्या उचलल्या, कुणाच्या खिळ्याला जास्त चिकटतात याची शर्यत लावली, वर्ग नुसता फुलला होता. मी घरी जाऊन आनंदाने सांगितलं, आज छान शिकवलं. दोन आठवड्यांनी सहज विचारलं, सेल काढला तर काय होईल? निम्म्याहून अधिक मुलं म्हणाली, खिळा चुंबकच राहील, तार गुंडाळली आहे ना! विजेचा त्या चुंबकत्वाशी संबंध आहे, हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. हातांनी सगळं केलं होतं आणि मी त्यांना एकही प्रश्न विचारला नव्हता. त्या दिवसापासून मी मानते, की हात आपोआप शिकवत नाहीत. आधी मुलाने अंदाज बांधलेला हवा. मग तो खोटा ठरायला हवा, किंवा खरा. आणि मग ‘असं का झालं’ हे त्याला दुसऱ्याला सांगावं लागायला हवं. मधली कृती दहा मिनिटांचीही चालते. तुमच्याकडे ती पस्तीस मिनिटांची होती आणि तिच्या आधीचं-नंतरचं काहीच नव्हतं.

तुमच्याच धड्यातला एक तास घेऊन सांगते, कारण नुसतं तत्त्व सांगून बाईंच्या हाती काही लागत नाही.

टॉर्चचे दोन सारखे बल्ब आणि दोन सेल घ्या, सगळे एका मागोमाग एक जोडायचे. पण जोडण्याआधी फळ्यावर आकृती काढा आणि विचारा: सेलच्या धन टोकाजवळचा बल्ब जास्त उजळेल, लांबचा जास्त उजळेल, की दोन्ही सारखे? प्रत्येकाने वहीत एक अक्षर लिहायचं, अ, ब किंवा क. शाईने, खोडायचं नाही. मग हात वर करायला सांगा आणि आकडे फळ्यावर लिहा. बहुतेक वर्गांत बरीच मुलं ‘जवळचा’ म्हणतात. त्यांना वाटतं, पहिला बल्ब थोडा करंट खाऊन टाकतो आणि उरलेला दुसऱ्याला मिळतो. हा समज जगभरच्या मुलांमध्ये सापडतो, आणि शंभर वेळा व्याख्या लिहूनही तो जात नाही. मग जोडू द्या. दोन्ही बल्ब सारखेच मंद लागतात. वर्ग शांत होतो; ती शांतता वाया घालवू नका. कुणीतरी म्हणेल, आमचा एक जरा जास्त लागतोय. छान! बल्ब बनवताना थोडाफार फरक राहतोच. त्यांना सांगा, बल्बांची जागा बदलून पाहा. जास्त उजळणारा बल्ब लांब नेला तरी तोच जास्त उजळतो, म्हणजे फरक बल्बाचा आहे, जागेचा नाही. हे मुलांनी स्वतः शोधलं की त्यांना वैज्ञानिक पद्धत वेगळी शिकवावी लागत नाही.

पाच मिनिटं अंदाज, दहा मिनिटं जोडणी, दहा मिनिटं बोलणं, पाच मिनिटं लेखन. उरलेली वाटप आणि आवराआवर यांत जातील. लेखनात तीनच ओळी: मला काय वाटलं होतं, काय झालं, आता मला काय वाटतं. ६२ मुलांचे पंधरा गट होतात, तेरा चार-चारांचे आणि दोन पाचांचे. प्रत्येक गटाचं साहित्य आदल्या दिवशी रिकाम्या मिठाईच्या डब्यात भरून ठेवा, आतल्या वस्तूंची यादी झाकणाला चिकटवा, म्हणजे परत घेताना मोजायला दोन मिनिटं लागतात. हे काम तुम्ही करायचं नाही, दर आठवड्याला दोन मुलांना पाळी द्यायची. साधे, स्वस्त जस्त-कार्बन सेल घ्या; एखाद्या गटाने चुकून दोन्ही टोकं थेट जोडली तर ते अल्कलाइन सेलइतके तापत नाहीत. भिंतीवरच्या विजेच्या बोर्डाला आणि जुन्या मोबाइलच्या बॅटरीला कुणी हात लावायचा नाही, हा नियम पहिल्याच दिवशी, आणि त्यात सवलत नाही.

आता तो न लागलेला एलईडी. त्या दिवशी तुम्ही एकच सेल जोडला होतात, बरोबर ना? एका सेलचं विभवांतर (व्होल्टेज) दीड व्होल्ट. साध्या लाल एलईडीला लागायला पावणेदोन-दोन व्होल्ट हवेत. तुमचा एलईडी बिघडलेला नव्हता, तो नियमाप्रमाणेच वागत होता. दोन सेल मालिकेत, म्हणजे एकामागोमाग एक, जोडा, एलईडीचा लांब पाय धन टोकाकडे ठेवा, मध्ये शंभर ओहमचा रोध (रेझिस्टर) घाला, लागेल. आणि घटांची जोडणी हा तुमच्या धड्यातला मुद्दा यापेक्षा चांगल्या रीतीने सुरू होऊच शकत नाही. मुलं हसली तेव्हा तुम्ही एलईडी खिशात टाकून पुढचा प्रयोग घेतलात. पुढच्या वेळी तो हातात तसाच धरून विचारा, “का बरं लागला नसेल? चार कारणं सांगा.” तुम्हाला उत्तर माहीत नसेल तरी चालतं. बाईंना उत्तर माहीत नाही आणि तरी त्या घाबरलेल्या नाहीत, हे मुलांना शाळेत फार क्वचित दिसतं.

रिवाइंडिंगवाल्या घरातल्या त्या मुलाकडे मला जास्त वेळ थांबायचं आहे. ४ गुण! तुमच्या पत्रातली सगळ्यात मोठी बातमी माझ्या मते हीच आहे, आणि तुम्ही ती ओझरती लिहिली आहे. त्याला बोलावून तोंडी विचारा. माझा अंदाज आहे, तो सांगेल की सप्लाय येत नाही, लाइन कुठेतरी कट आहे, इथे शॉट झालाय. तो परिपथाबद्दलच (सर्किटबद्दलच) बोलतो आहे, फक्त दुकानाच्या भाषेत. पुस्तक म्हणतं विद्युतघट, बाजार म्हणतो सेल. पुस्तकात परिपथ खंडित होतो, दुकानात लाइन कट होते. फळ्याच्या एका कडेला वर्षभर दोन रकाने ठेवा, एकात दुकानातला शब्द, दुसऱ्यात पुस्तकातला. दुकानातले शब्द तो आणून देईल. परीक्षेला पुस्तकातला शब्द लागतो हे त्याला सांगा, पण त्याचा शब्द खोडू नका.

आणि त्याच्या वडिलांना एक दिवस वर्गात बोलवा. जळालेली मोटार घेऊन यावं आणि आतली वाइंडिंग दाखवावी. उरलीसुरली तांब्याची तार त्यांच्याकडून मागून घ्या. विद्युतचुंबकासाठी त्याहून चांगलं साहित्य नाही. फक्त त्या तारेवर एनॅमलचा पातळ थर असतो, तेव्हा टोकं पॉलिश पेपरने घासल्याशिवाय जोडणी लागत नाही. हेही मुलांना आधी सांगू नका, त्यांना अडू द्या. कारागीर गुरुजी होऊ शकतो, ही कल्पना काही माझी नाही. डॉ. श्रीनाथ कलबाग हे हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन केंद्रातली नोकरी सोडून १९८३ साली पुणे जिल्ह्यातल्या पाबळला गेले आणि तिथे त्यांनी विज्ञान आश्रम उभा केला. तिथून निघालेला मूलभूत तंत्रज्ञानाचा कार्यक्रम अनेक माध्यमिक शाळांत गेला. आठवड्यातला एक दिवस मुलं वेल्डिंग, वायरिंग, शेती, स्वयंपाक-आरोग्य यांत खरं काम करतात, गावाला उपयोगी पडेल असं, आणि शिकवायला बऱ्याचदा त्याच परिसरातले जाणकार असतात. पाबळ काही संपन्न गाव नव्हतं, दुष्काळी भागातलंच. मुलांना दुय्यम काहीतरी शिकवावं म्हणून कलबागांनी हे केलं नाही; माणूस करता करता शिकतो हीच शिकण्याची स्वाभाविक रीत, असं ते मानत. आपल्याकडे ‘हाताचं काम म्हणजे अभ्यासात कच्च्यांचं काम’ हा समज इतका खोल आहे, की तुमच्या वर्गातला तो मुलगाही स्वतःला ढ समजत असणार.

पोर्शनबद्दल मुख्याध्यापक पूर्ण चुकीचे नाहीत. ‘सगळा धडा कृतीतूनच’ हा तुमचा निर्धार मला पटत नाही. काही गोष्टी सांगाव्याच लागतात. निकेल-कॅडमिअम घटात काय असतं हे कुणी मूल स्वतः शोधून काढणार नाही, आणि त्याची गरजही नाही. ते दहा मिनिटांत सांगून टाका. हातांनी करायचं ते तिथे, जिथे मुलांच्या डोक्यात आधीच एखादी ठाम पण चुकीची कल्पना बसलेली आहे. विद्युतधारा बल्बात संपते ही एक. जड वस्तू आधी पडते, ही दुसरी. अशा वर्षाकाठी सात-आठ जागा शोधा आणि तेवढ्याच पूर्ण ताकदीने करा. बाकी फळा आहेच, आणि चांगलं फळ्यावर शिकवणं ही काही कमी प्रतीची गोष्ट नाही. साहित्यही साधंच पुरतं. टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी बनवणाऱ्या अरविंद गुप्तांनी माचिसच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांतून भूमिती शिकवायला घेतली. त्रिकोण हलत नाही आणि चौकोन लगेच वाकडा होतो, हे बोटांना कळतं तसं आकृतीतून कळत नाही.

चाचणीचं मात्र काहीतरी करावंच लागेल. मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ पासून सरकारी शाळांत प्रयोगातून विज्ञान शिकवण्याचा कार्यक्रम चालला. तो तीस वर्षं चालला आणि २००२ मध्ये सरकारने बंद केला. तो चालवणाऱ्या लोकांनी एक गोष्ट ओळखली होती: शिकवणं बदलून परीक्षा तशीच ठेवली तर शिकवणं हरतं. म्हणून तिथे पुस्तक उघडून लिहायची लेखी परीक्षा होती आणि जोडीला प्रात्यक्षिक परीक्षा. तुमच्या हातात एवढं नाही. पण घटक चाचणी तुमच्या शाळेतच निघते. २० पैकी ४ गुणांचा एक प्रश्न दोन्ही तुकड्यांना द्या: दोन बल्बांची आकृती, कोणता जास्त उजळेल आणि का. शक्य असेल तर महिन्याभराने, पूर्वसूचना न देता. मग ‘अ’ आणि ‘ब’ पुन्हा शेजारी ठेवा. तेव्हा जो आकडा येईल, तो तुमच्या बाजूने येवो वा विरुद्ध, त्याच्याकडे बघून निर्णय घ्या. आत्ताचा आकडा निर्णय घेण्याजोगा नाही.

मुख्याध्यापकांशी बोलताना विचारसरणीवर वाद घालू नका, कागद घेऊन जा. आठवीपर्यंतच्या आकारिक (वर्षभर चालणाऱ्या) मूल्यमापनात प्रात्यक्षिक, कृती, प्रकल्प या साधनांना जागा आहे. म्हणजे मुलांनी लिहिलेल्या त्या तीन ओळी म्हणजे नोंदींचा तयार पुरावा आहे, तुमचं वेगळं काम त्यात वाचतं. कपाटाबद्दल सांगायचं तर, शाळेची लॅब केंद्र सरकारच्या अटल टिंकरिंग योजनेतली असेल, तर त्या २० लाखांच्या अनुदानात १० लाख उभारणीसाठी आणि १० लाख पाच वर्षं चालवण्यासाठी धरलेले असतात. चालवणं म्हणजे वापरणं, आणि वापरात वायर तुटते, एलईडी जळतो. थ्रीडी प्रिंटर तूर्त राहू द्या कुलपात. वायर, एलईडी, रोध, ब्रेडबोर्ड (वायरी नुसत्या खोचून जोडणी करायची पट्टी) एवढ्याच किरकोळ वस्तू वापराच्या वेगळ्या वहीवर तुमच्या नावाने लिहून मागा. मागणी लहान असली की सही लवकर मिळते. पुढच्या वेळी खिशातून खर्च करू नका. तुमचा पगार हा शाळेचा प्रयोगशाळा निधी नाही, आणि अशा तऱ्हेने चाललेला उपक्रम दुसऱ्या वर्षी बंद पडतो, हे मी जवळून पाहिलं आहे.

गोंगाटाची तक्रार करणाऱ्या सहकाऱ्यांना आधीच सांगून ठेवा, की बुधवारी तिसऱ्या तासाला आवाज होईल. शक्य असेल तर मुलांना व्हरांड्यात किंवा झाडाखाली न्या.

हे वाचणाऱ्या आई-बाबांनाही एक विनंती. मूल घरी येऊन म्हणालं, आज आम्ही नुसतं बल्ब लावत बसलो, तर लगेच “मग शिकवलं काय?” असं विचारू नका. “तुला काय वाटलं होतं आणि काय झालं?” असं विचारा. उत्तर आलं, तर बाईंनी शिकवलं आहे. नाही आलं, तर बाईंना जाऊन जरूर भेटा, पण आवाज चढवून नको.

शेवटचं एक. तुमच्या गटांत जोडणी कोण करतं आणि वही कोण धरतं, हे एकदा कोपऱ्यात उभं राहून पाहा. बहुतेक ठिकाणी पक्कड मुलांच्या हातात असते आणि लेखणी मुलींच्या. पहिली येणारी मुलगी तीन आठवडे लिहीतच बसली असेल, तर तिला काही कळलं नाही यात नवल नाही. आणि तो मुलगा तीन आठवडे फक्त जोडत राहिला, म्हणून त्याला लिहिता आलं नाही. पुढच्या आठवड्यात त्या दोघांना एकाच गटात बसवा. पक्कड आणि वायर तिला द्या, वही त्याला. काय करायचं ते त्याने बोलून सांगायचं, स्वतः हात लावायचा नाही. आणि ती जे करेल ते त्याने लिहायचं. दोन बल्बांचाच प्रयोग द्या. आणि त्या वहीच्या पानाचा फोटो मला नक्की पाठवा.

तुमची,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका